मुंग्यांचा गूळ

आत्ती, तुला जाऊन आज अकरा दिवस झाले आणि मी अजून सकाळी पावणेसहाला उठते. उठून काय करायचं ते ठाऊक नाही, तरी उठते. कारखान्याचा भोंगा व्हायच्या आत हात आपोआप कपाटावरच्या निळ्या पिशवीकडं जातो. साखर तपासायचं मशीन, पट्ट्यांची डबी, सुया, कापूस, सगळं जागच्या जागी आहे. पिशवीची चेन उघडते आणि मग ध्यानात येतं की बोट पुढं करणारं माणूसच घरात नाही. चेन परत लावून टाकते.

येणारा जाणारा मला सांगतो, रडून घे, मोकळी होशील. मला रडायचं नाही. मला भांडायचं आहे. एकतीस वर्षं आपण दोघी ह्या घरात भांडलो, भाजी चिरण्यावरून, पाणी भरण्यावरून, माझ्या लेकीला, श्रुतीला, पुण्याला शिकायला पाठवण्यावरून. प्रत्येक भांडण आपण शेवटपर्यंत नेलं. एकच तेवढं अर्धं राहिलं आणि नेमकं तेच टाकून तू निघून गेलीस. असं कुणी करतं का?

तू माझी सासू नंतर झालीस. आधी तू माझ्या बाबांची थोरली बहीण. आत्याच्याच घरी सून म्हणून आले, त्यामुळं तुला ‘अहो आई’ म्हणायची पाळी माझ्यावर कधी आली नाही. लहानपणी ‘ए आत्ती’ म्हणत होते, लग्नानंतरही ‘ए आत्ती’च म्हणत राहिले. कसबा बावड्यातल्या बायका पहिल्या वर्षी कुजबुजायच्या, सून सासूला अरेतुरे करते म्हणून. तू त्यांना पाणवठ्यावरच्या आवाजात सुनावलंस, “माझ्या भावाची पोरगी हाय. मला तू म्हणंल न्हायतर टकुऱ्यावर बसंल, तुमचं काय जातंय?” त्या दिवसापासून मी खरंच डोक्यावर बसले. आणि कधीकधी फार जड बसले, हे आता लिहायला घेतलंय.

मामांची, म्हणजे तुझ्या नवऱ्याची, शाहूपुरीत गुळाची अडत होती. घरात गूळ कधी संपला नाही. नमुन्याची ढेप आली की तू अंगठ्यानं कोपरा मोडायचीस, दोन बोटांत चुरडायचीस आणि सांगायचीस, हा खारा लागणार, हा पावसात मऊ पडणार, हा चांगला. जिभेला न लावता सांगायचीस. मामा हसायचे, म्हणायचे, दुकानावर तूच बस, मी घरी भाकरी करतो. मामा गेले त्या वर्षी बस्तीत, आपल्या जैन मंदिरात, मुनिमहाराज चातुर्मासाला होते. तू त्यांच्यासमोर हात जोडून उभी राहिलीस आणि गूळ-साखर जन्मभरासाठी सोडलीस. घरी येऊन कुणाला काही सांगितलं नाहीस. संध्याकाळी, दिवस मावळायच्या आत जेवायला बसलो तेव्हा मी तुझ्या ताटात शिरा वाढला. तू तो उचलून माझ्या ताटात ठेवलास. एवढंच.

पुढं कितीतरी वर्षांनी तुला मधुमेह निघाला. शाहूपुरीतले डॉक्टर गंभीर चेहरा करून म्हणाले, “आजी, आता गोड बंद.” तू त्यांच्याकडं बघून हसलीस. “तुमी सांगायच्या चौदा वर्सं आदी बंद केलंय डाक्टर. आता दुसरं काय तरी सांगा.” त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. महिन्या-दोन महिन्यांनी दवाखान्यात दंडातून रक्त काढायचे, उपाशीपोटीची साखर एकशे तीस, एकशे चाळीस यायची आणि तू रिक्षात बसून मला ऐकवायचीस की एवढ्यासाठी दोन तास उपाशी बसवलं.

मग साडेतीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीला श्रुतीनं पुण्याहून ते मशीन आणलं. आजीची साखर रोज घरी बघायची, वहीत लिहायची, म्हणजे डॉक्टरांना नीट कळतं. मी ते काम लगेच अंगावर घेतलं. मला अशी कामं आवडतात, तुला ठाऊक आहे. पहिल्या सकाळी तू परसातून आत आलीस, पदराला हात पुसलेस आणि स्टुलावर बसलीस. मी म्हटलं, डावा हात दे, उजवं बोट दुखलं तर दिवसभर कामाला आडवं येईल.

“कुणाफुडं डावा हात करू ने,” तू म्हणालीस. “रक्त द्यायचं म्हंजे देनंच की. देनं उजव्यानं.”

“रक्त काढलेलं चालतंय का तुझ्या धर्मात?” मी चिडवलं.

“माझंच हाय, दुसऱ्याचं न्हवं. चालतंय.”

मशीननं आकडा दाखवला. दोनशे अडुसष्ट. दुसऱ्या दिवशी दोनशे एक्क्याण्णव. तिसऱ्या दिवशी दोनशे चौपन्न. मी वहीत लिहीत गेले आणि माझ्या डोक्यात एक गणित तयार होत गेलं. दवाखान्यात एकशे चाळीस आणि घरी दोनशे नव्वद, ह्याचा अर्थ एकच. तपासणीच्या आधी चार दिवस म्हातारी नीट वागते आणि एरवी हात मारते. कशावर मारते? घरात ढेप आहेच. शिवाय तुझ्या पदराच्या टोकाला मुंग्या लागलेल्या मी दोनदा पाहिल्या होत्या. तू त्या अलगद फुंकर घालून खाली सोडायचीस आणि मी चुलीपाशी उभी राहून मनात म्हणायचे, सापडलीस.

मी तुला विचारलं. सरळ विचारलं, आडवळण घेतलं नाही. तू हातातली भाजी खाली ठेवलीस आणि म्हणालीस, “मी म्हंतोय न्हाय खाल्ला, म्हंजे न्हाय खाल्ला.” आपल्या भागात बायकाही ‘मी जातो, मी म्हणतो’ असंच बोलतात, श्रुतीच्या पुण्याच्या मैत्रिणींना त्याचं फार हसू यायचं. तुझ्या तोंडी ते शोभायचं. तू म्हणालीस की ते झालं. पण मी मास्तरीण, वीस वर्षं पोरांच्या खोट्या सबबी ऐकलेली. मला वाटलं, वहीतला आकडा कशाला खोटं बोलेल? मी ढेपेचा डबा कुलपात घातला. किल्ली कमरेला लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू माझ्याकडं गूळ मागितलास. बोराएवढा. म्हणालीस, मुंग्यांना घालायला. तुझा तो नित्याचा रिवाज होता, माझ्या लग्नाच्या आधीपासूनचा. उजाडायच्या आत मूठभर कणीक घ्यायची, त्यात गूळ कुस्करायचा आणि नारळाच्या बुडाशी, भिंतीच्या कडेला चिमूट-चिमूट सोडायचं. तू स्वतः गूळ सोडलास तेव्हा मी विचारलं होतं, मग मुंग्यांना कशाला? तू म्हणाली होतीस, “मी सोडलाय. मुंग्यांनी कुठं सोडलाय?” तर तो बोराएवढा गूळ मी रोज कुलूप काढून तुला मोजून द्यायला लागले. तू तळहात पसरून घ्यायचीस. स्वतःच्या घरात, स्वतःच्या नवऱ्याच्या धंद्याचा गूळ. हे मला आज दिसतं. तेव्हा मला फक्त वाटायचं की यातलासुद्धा अर्धा ही तोंडात टाकत असणार.

डॉक्टरांनी वही बघितली. ते म्हणाले, तीन महिन्यांची एकत्र साखर कळते ती तपासणी एकदा करून आणा, मग बघू. चिठ्ठी लिहून दिली. मी ती फ्रीजवर चिकटवली आणि विसरले. विसरले कसली, मला गरजच वाटली नाही. रोजचा आकडा माझ्या हातात असताना आणखी काय बघायचं? पुढच्या वेळी वहीतले आकडे तसेच होते, मीही जोर लावला, आणि इन्शुलिन सुरू झालं. मी सकाळी सुई टोचायचे आणि अकराच्या सुमाराला तुला दरदरून घाम फुटायचा. हात थरथरायचे. तू म्हणायचीस, डोळ्यांपुढं काळं येतंय. मी म्हणायचे, साखर वाढली की असंच होतं, पथ्य पाळ.

माघातली ती दुपार आठवते तुला? तू भांडी घासून उठलीस आणि जात्यापाशी बसल्या जागी कलंडलीस. मी मशीन आणलं, बोट टोचलं. पंचावन्न. मी डॉक्टरांना फोन लावला. फोनवर डॉक्टर ओरडले, गूळ घाला तोंडात, आत्ताच्या आत्ता. मी कुलूप काढलं, खडा फोडला, तुझ्या ओठांशी नेला. तू दात मिटून घेतलेस. डोळे उघडे, ओठ पांढरे, आणि दात घट्ट. मान हलवून नाही म्हणालीस. तेव्हा मी ते वाक्य बोलले.

“चोरून खातीस तवा कुठं जातोय तुझा नेम?”

बोलले आत्ती. लिहिताना वाटत होतं की हे वाक्य गाळावं, थोडं सौम्य करावं. पण जसं होतं तसंच लिहिलं. तुझ्या भरतनं, माझ्या नवऱ्यानं, मोसंब्यांचा रस काढून आणला, तो तू प्यायलीस, कारण फळ तू सोडलं नव्हतंस. अर्ध्या तासानं उठून बसलीस. डॉक्टरांनी सुईचं माप तेवढं कमी केलं. त्यानंतर रोज सकाळी तू गप येऊन बसायचीस, उजवं बोट पुढं करायचीस आणि भिंतीकडं बघत राहायचीस. आकडा किती हे विचारायचंही सोडून दिलंस. ह्या घरात आपण दोघी असून आवाज नाही, असं पहिल्यांदा झालं.

आणि मी काय केलं? मी जयसिंगपूरच्या सुकुमार भाऊजींना फोन केला. मामांच्या भावाचा मुलगा, बाजारपेठेतलं दुकान, सगळ्या पाहुण्यांत उठबस. त्यांना मी हसत हसत सांगितलं, “काकू गूळ चोरून खातात हो, कुलूप लावलंय मी.” ते खदखदा हसले. मलाही बरं वाटलं. एवढं ओझं एकटीनं का वाहायचं, असं काहीतरी मनात असणार.

मग पाडव्याच्या आधीची ती सकाळ. तू लवकर जपाला बसली होतीस. उजव्या हातात माळ, डोळे मिटलेले. मला शाळेला उशीर होत होता. मी तुझा मांडीवरचा डावा हात उचलला आणि बोट टोचलं. तुला जप मोडता येईना, भुवया तेवढ्या वर गेल्या. एकशे अठरा.

मला वाटलं, पट्टी खराब. दुसरी घातली, डाव्याच हाताचं दुसरं बोट. एकशे एकवीस. तुझी माळ संपेपर्यंत थांबले आणि उजवं बोट टोचलं. दोनशे सत्याऐंशी. एका अंगात दोन साखरा! मी तुझा उजवा हात खिडकीच्या उजेडात धरला. नखाच्या कडेला तांबूस रेघ होती. बोटाचा वास घेतला. गूळ. मुंग्यांचा गूळ. कणकेत कुस्करलेला, पदराला पुसलेला, पण धुतलेला नाही. मी तुला मोरीपाशी नेलं, साबण लावून हात धुतला, पुसला, परत टोचलं. एकशे एकोणीस.

पाच महिने तुझ्या बोटाला लागलेला गूळ मी तुझ्या रक्तात मोजत होते.

पदराच्या मुंग्यांचा उलगडा त्याच क्षणी झाला. घामाचा झाला. दात मिटून घेतलेस त्याचाही झाला. तू म्हणत होतीस न्हाय खाल्ला, आणि तू खाल्लाच नव्हतास. तू माझ्याकडं बघत होतीस. ती वेळ होती. तिथंच, मोरीच्या कट्ट्यावर बसून मला म्हणता आलं असतं, आत्ती, मी चुकले. तीन शब्द. मी काय म्हणाले? “मशीन बिघडलंय. नवीन आणतो.” आणि खरंच, चांगलं चालणारं मशीन पेटीत टाकून त्याच दिवशी नवीन आणलं. डॉक्टरांकडं एकटी गेले, बोलणी खाल्ली, ती तपासणी केली, इन्शुलिन बंद झालं, परत गोळ्यांवर आलीस. डब्याचं कुलूपही निघालं. तुला एवढंच सांगितलं की नव्या मशीनला हात धुऊन बसावं लागतं.

“व्हय?” तू म्हणालीस. “शानं दिसतंय हे मशीन.”

मी हसले. तूही हसलीस. मला वाटलं, निभावलं.

त्यानंतरची तीन वर्षं, आत्ती, तू ज्या थाटात जगलीस त्याला तोड नाही. रोज सकाळी मुंग्या, मग साबण, मग स्टूल. आकडा चांगला आला की तू दारातून ओरडून सांगायचीस, “एकशे अकरा!” आणि पलीकडच्या निवृत्त शिक्षिका कांबळेबाई कुंपणावरून ओरडायच्या, “माझी एकशे चाळीस!” अख्ख्या गल्लीला दोघींची साखर पाठ झाली होती. तू चौऱ्याऐंशीव्या वर्षी बस्तीच्या पायऱ्या चढत होतीस. डोळे चांगले होते, पाय चांगले होते, तोंड तर फारच चांगलं होतं. साखरेनं तुझं एक नखसुद्धा वाकवलं नाही. शेवटी एका पहाटे झोपेतच थांबलीस, तुझ्या मनानं. मी पट्टी डबीतून काढून मशीनला लावली होती आणि हाक मारत होते.

आता भांडणाचं कारण ऐक. तिसऱ्या दिवशी, रक्षाविसर्जन करून सगळे घरी आले. सोप्यात सतरंजीवर माणसं बसली होती. कुणाच्या पोटात अजून पाणी सोडून काही नव्हतं. सुकुमार भाऊजी भिंतीला टेकून म्हणाले, “काकूंचं सगळं चांगलं हुतं. पण एक वाईट, गुळाचा मोह सुटला न्हाय. त्याग केल्याला, पण चोरून खायाच्या. साखरंनंच नेलं शेवटी.”

दोन-तीन माना हलल्या. कुणीतरी च्च् केलं. मी आतून पाणी घेऊन येत होते. म्हटलं, “कुणी सांगितलं तुमाला?”

“कुणी म्हंजे? तूच न्हवंस का सांगितलंस फोनवर? हसत हुतीस की.”

सगळे माझ्याकडं बघायला लागले. तुझा भरत खाली बघत होता. आत्ती, खरं सांगते, एक क्षण मला वाटलं, जाऊ दे. आज नको, माणसं आलीत, मागाहून बघू. तीन वर्षं मी असंच मागाहून बघत होते. मी तांब्या खाली ठेवला, आत गेले आणि निळी पिशवी घेऊन आले. येताना ढेपेचा डबा आणि वाटीभर कणीकही आणली.

“हितं बसून बघा सगळ्यांनी,” मी म्हणाले. “कुणी उठायचं न्हाय.”

मोरीत साबणानं हात धुतले, पुसले, सगळ्यांच्या समोर बोट टोचलं. एकशे छत्तीस. भाऊजींच्या बायकोनं लगेच म्हटलं, “अगं सुनंदा, तुजीबी वाढलीया की.” म्हटलं, ते मागनं. मग कणकेत गूळ कुस्करला, तू करायचीस तसा, दोन बोटांनी आणि अंगठ्यानं. पदराला हात पुसला, तू पुसायचीस तसा. तेच बोट, नवीन पट्टी. मशीन मी भाऊजींच्या हातात दिलं आणि म्हटलं, मोठ्यानं वाचा.

“तीनशे बारा,” त्यांनी वाचलं.

“पाच मिंटांत मी किती गूळ खाल्ला, भाऊजी?”

ते मशीन उलटंपालटं करून बघायला लागले. मीच बोलले. सगळं बोलले. मुंग्यांचं, डाव्या हाताचं, कुलपाचं, नव्या मशीनच्या थापेचं. माघातल्या दुपारी जीव जात असताना तू दात मिटून घेतलेस आणि मी तुला काय म्हणाले तेही, शब्द न बदलता. म्हणाले, “ह्या बाईनं एकवीस वर्सांत गुळाचा कण जिभंला लावला न्हाय. चोर ती नव्हती. चूक माझी हुती. आणि आता ह्याच्या म्होरं कुणी आत्तीचं नाव घेऊन गूळ म्हटलं, तर त्यानं ह्या घरात पाय ठेवायचा न्हाय. पावणं असू दे न्हायतर घरचं.” आवाज चढला होता. रस्त्यावरची माणसं थांबून आत बघत होती. बघू देत, म्हटलं.

भाऊजी उठले. मला वाटलं निघाले. पण ते मोरीपाशी गेले, हात धुऊन आले आणि बोट माझ्यासमोर धरलं. “माझीबी बघ,” म्हणाले. त्यांची दोनशे चार निघाली. जाताना ते तुझ्या फोटोला वाकून नमस्कार करून गेले.

मला वाटलं, संपलं. तुझं देणं फिटलं. तेवढ्यात कांबळेबाई स्वयंपाकघरात आल्या, माझ्याशेजारी ओट्याला टेकल्या आणि हळूच म्हणाल्या, “सुनंदा, मला हे ठाऊक होतं.”

“तुम्हाला? कधीपासून?”

“माझं मशीन आणलं तेव्हापासून. आत्तीच म्हणाल्या मला, हात धुऊन बस बाई. माझ्या हाताला मुंग्यांचा गूळ असायचा आणि माझी सून पाच म्हयनं मला चोर समजत हुती. मी म्हटलं, अहो मग सांगा की तिला, तुम्हाला कळलंय म्हणून. तर म्हणाल्या, मी कशाला सांगू? ती कवा बोलती ते बघत बसलोय मी.”

मी हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि तिथंच बसले. तेव्हा रडले, आत्ती. अकरा दिवसांत तेवढं एकदाच.

तर तुला ठाऊक होतं. तीन वर्षं, रोज सकाळी पावणेसहाला, तू साबणानं हात धुऊन माझ्यासमोर बसत होतीस आणि मी कधी बोलते त्याची वाट बघत होतीस. हजारभर सकाळी तरी झाल्या असतील. प्रत्येक सकाळी मी तुझं बोट हातात धरलं होतं. ह्याहून जवळ काय असतं? आणि मी कापूस दाबून विचारत होते, चहा टाकू का? तू रागावली नव्हतीस, हे मला कळतं. राग असता तर गल्लीला कळलं असतं. तू मला माफ केलं होतंस असंही मी म्हणणार नाही, तसलं गुळचट काही तुझ्या स्वभावात नव्हतं. तू बसून होतीस, एवढंच. माझ्यावर इतका भरवसा टाकून बसून होतीस, की ही बोलेल, माझ्या भावाची पोर आहे, आज नाही तर उद्या बोलेल.

मी बोलले. तीन दिवस उशिरा. ह्याचा मला तुझ्यावरही राग आहे, लपवत नाही. एकदा तरी टोकायचं होतंस! भाजीतल्या मिठावरून आख्खी दुपार वाजवणारी बाई, आणि इथं तोंडाला कुलूप? एक शब्द टाकला असतास तर मी तुझ्या पायांवर पडले असते. कदाचित नसते पडले. कदाचित आणखी एक थाप मारली असती. हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार, म्हणूनच बसून राहिलीस.

आता पुढचं ऐक. कालच शाहूपुरीला जाऊन आले. डॉक्टर म्हणाले, तुम्हालाही सुरू झाली आहे, आत्ताशी उंबरठा ओलांडलाय, सांभाळा. म्हणजे बाबांची बहीण जाताना मला अगदीच रिकाम्या हातानं ठेवून गेली नाही. शेजारच्या दोघी-तिघी हळहळल्या. मी म्हटलं, हळहळताय काय, आमची आत्ती चौऱ्याऐंशीपर्यंत पायऱ्या चढत होती. ती चिठ्ठीवरची तपासणी ह्या वेळी फ्रीजवर लावली नाही, तिथंच करून आले. त्याग वगैरे मी करणार नाही, आत्ताच सांगते. तो तुझा होता, तुझ्या नवऱ्यासाठी होता. मी सणाला पोळी खाईन, अर्धी खाईन, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जो आकडा येईल तो मोठ्यानं वाचीन.

आज मी चेन उघडली आणि परत लावली नाही. उजाडायच्या आत परसात गेले, नारळाच्या बुडाशी कणीक-गूळ सोडला. अकरा दिवस त्यांना कुणी घातलं नव्हतं, तरी दोन मिनिटांत रांग लागली. मग मोरीत साबणानं हात धुतले, दोनदा धुतले. तुझ्या स्टुलावर बसले. माझं बोट धरायला समोर कुणी नव्हतं, म्हणून उजव्या हातात सुई धरावी लागली आणि डावं बोट पुढं करावं लागलं. तेवढं चालवून घे.

एकशे एकोणतीस, आत्ती. दारात जाऊन ओरडून सांगितलं. कांबळेबाईंनी कुंपणावरून विचारलं, “काल गोड खाल्लंस काय गं?”

मी म्हंतोय न्हाय खाल्लं, म्हंजे न्हाय खाल्लं.